आखाजीवर छापलेला हिशोब

आत्याने पेन खाली ठेवलं, चष्मा काढून पदराने पुसला आणि म्हणाली, "सही करते मी. पन मले एक सांग. त्या कॅसेटमधी मायची गानी होती. त्याचं काय?"

फैजपूरला तिच्या ओसरीवर बसलो होतो. चैत्र संपत आलेला, दुपारचे तीन, बाहेर रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. माझ्या हातात एक पानी सहमतीपत्र होतं. नानांनी, म्हणजे माझ्या काकांनी, १९८७ साली लिहिलेला केळीच्या हिशोबाचा प्रोग्रॅम सगळ्यांसाठी खुला करायला वारसांची हरकत नाही, एवढाच त्यातला मजकूर. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, वाचलाही नाही, सही करून दिली. धाकट्या आत्याने नाशिकहून सहीचा फोटो पाठवला. मोठी आत्या तेवढी राहिली होती. ती काय काय विचारेल याची मी वाटेत तयारी केली होती. पैसे मिळणार का, कोणी फसवणार तर नाही ना, आता या जुन्या गोष्टीचा कोणाला उपयोग, या सगळ्याची उत्तरं होती. गाण्याचं मात्र मला काही माहीतच नव्हतं. कागद घडी करून खिशात घातला, उसाचा रस प्यालो आणि सावद्याला परत आलो. एवढंच घडलं. पण ते "त्याचं काय?" पुढचे कित्येक दिवस डोक्यातून जाईना.

नाना गणिताचे मास्तर. लग्न केलं नाही, घरात आमच्याबरोबरच राहिले, २००९ मध्ये गेले. १९८७ च्या सुरुवातीला त्यांनी मुंबईहून डीबी स्पेक्ट्रम प्लस हा घरगुती संगणक आणला. विलायतेतला सिंक्लेअरचा स्पेक्ट्रम, आपल्याकडे डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन १९८६ पासून विकलेला. त्यांच्या तीन पगारांहून जास्त किंमत होती आणि आजोबा आठवडाभर त्यांच्याशी बोलले नव्हते, असं अण्णा सांगतात. मी तेव्हा सात वर्षांचा. मला आठवतं ते एवढंच की काळा, चपटा, पाटीएवढा डबा, त्याला ब्लॅक अँड व्हाइट पोर्टेबल टीव्ही जोडलेला, शेजारी टू-इन-वन, म्हणजे रेडिओ-टेप, आणि कॅसेटवरून प्रोग्रॅम चढवताना त्यातून येणारी ती किंकाळी. आधी पाच सेकंद एकसारखा सूर, मग क्षणभर चरचर, पुन्हा सूर, आणि मग मिनिटभर न थांबणारी कर्कश खरखर. टीव्हीच्या कडेला राखाडी पट्टे धावायचे. आजी देवघरातून ओरडायची, "बंद कर रे ते." नाना एक बोट ओठांवर ठेवायचे. त्या मिनिटात घरात कोणी जोरात पाऊल टाकलं तरी त्यांच्या कपाळावर आठी यायची.

प्रोग्रॅम होता आमच्या केळीचा. केळीचा हिशोब ज्याने केला आहे त्यालाच त्याची किचकट बाजू कळते. घड किती कापले, वजन किती भरलं, दांड्याची कटती किती धरली, बोर्डभाव, म्हणजे त्या दिवसाचा जाहीर भाव, काय होता आणि व्यापाऱ्याने त्यावर फरक किती दिला, कापणीची आणि वाहतुकीची मजुरी कोणाकडे, उचल किती घेतली होती, बाकी काय. त्या काळी सावद्या-रावेरच्या स्टेशनांतून केळी वॅगनने दिल्लीकडे जायची, पट्टी यायला दिवस लागायचे, आणि तोवर अर्ध्या गोष्टी तोंडीच असायच्या. नानांनी भाऊबंदांतल्या पंधरावीस शेतकऱ्यांचे हिशोब या डब्यावर घातले. सुरुवातीलाच प्रोग्रॅम विचारायचा, मृगबाग की कांदेबाग, म्हणजे लागवड मृगातली की पावसाळा सरतानाची. रात्री जेवणं झाल्यावर माणसं ओसरीवर यायची, नाना त्यांचा आकडा टीव्हीवर दाखवायचे, आणि ती माणसं खिशातल्या डायरीशी ताडून बघायची. जुळला की तंबाखूची पिशवी निघायची.

गेल्या दिवाळीत माडीवरची पत्र्याची पेटी उघडली तेव्हा हे सगळं वर आलं. स्पेक्ट्रम होता, पण कीबोर्डखालच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या वाळून तडकल्या होत्या. चाळीस उन्हाळे भुसावळच्या बाजूचा पत्रा तापलेला, दुसरं काय होणार. त्याच्याखाली एका रुमालात गुंडाळलेली साठ मिनिटांची एक कॅसेट. लेबलवर नानांच्या बारीक अक्षरात "केळी १ ते ३", मागच्या बाजूला "केळी ४ ते ६". त्या आधीचं काहीतरी खोडून वर हे लिहिलेलं होतं. खोडलेलं काय होतं ते तेव्हा मी नीट पाहिलं नाही.

कॅसेट वाचायची म्हणजे वाजवून तिचा आवाज संगणकात घ्यायचा आणि त्या आवाजातून शून्य-एक परत काढायचे. ऐकायला सोपं आहे. स्पेक्ट्रमच्या आवाजात शून्य लिहायला साधारण अर्धा मिलिसेकंद लागतो आणि एक लिहायला त्याच्या दुप्पट. सगळी ओळख त्या लांबीच्या फरकावर. पहिल्या वेळी काहीच हाती लागलं नाही. फितीवर भुरी बुरशी होती, आतली नमद्याची गादी गळून पडली होती, ती दुसऱ्या कॅसेटची काढून बसवली. तरीही आवाज दबलेला, जणू कोणी गोधडी पांघरून बोलतंय. मग लक्षात आलं की नानांच्या टू-इन-वनचं हेड किंचित तिरकं असणार. माझ्या डेकचं हेड सरळ होतं, म्हणूनच त्याला हे वाचता येत नव्हतं. हेडशेजारी एक बारीक स्क्रू असतो. कानाला हेडफोन लावून तो पाव-पाव आटा फिरवत गेलो, आणि एका जागी ती जुनी किंकाळी अचानक धारदार झाली. अंगावर काटा आला. खोटं नाही सांगत, मी बोट ओठांवर ठेवलं होतं.

केळी ३, म्हणजे प्रोग्रॅमची तिसरी आवृत्ती, मात्र अडून बसली. बाइट म्हणजे आठ शून्य-एकचा गट; प्रत्येक तुकड्याच्या शेवटी स्पेक्ट्रम एक ताळ्याचा बाइट लिहितो, आधीचे सगळे बाइट एकमेकांत मिसळून आलेला. तो जुळला नाही की पडद्यावर "आर टेप लोडिंग एरर", आणि सगळी मेहनत पाण्यात. आवाजाचा आलेख मोठा करून पाहिला तेव्हा एका ठिकाणी लाट जवळजवळ सपाट झालेली दिसली. फितीवरचा ऑक्साईडचा कण तिथे उडाला होता. फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर धावते, म्हणजे एका बाइटच्या वाट्याला पाव मिलिमीटरहून थोडी जास्त जागा येते. तेवढीच जागा कोरी झाली होती. पण हरवलेला बाइट एकच असेल आणि कुठला हरवला ते माहीत असेल, तर ताळ्याच्या बाइटवरून तो नेमका काढता येतो. वहीत एकच रक्कम पुसली गेली असली आणि खालची बेरीज शाबूत असली की पुसलेली रक्कम सापडते, तसंच. कागदावर मांडून पाहिलं. उत्तर आलं २४५. स्पेक्ट्रमच्या बेसिकमध्ये, म्हणजे त्याच्या प्रोग्रॅम लिहायच्या भाषेत, २४५ म्हणजे प्रिंट, छापायची आज्ञा. नानांनी शिकवलेल्या ताळ्याच्या पद्धतीने नानांचाच एक शब्द परत मिळाला.

मग तो प्रोग्रॅम फ्यूज नावाच्या एम्युलेटरमध्ये चालवला. हा माझ्या लॅपटॉपवर बसून स्वतःला स्पेक्ट्रम समजणारा प्रोग्रॅम. आणि पडदा उजळला तेव्हा मी हात आखडून बसलो, कारण केळी पिवळी होती.

आमचा टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट होता.

मला आठवणारं नानांचं सगळं काम राखाडी आहे. आणि इथे शीर्षकाची पट्टी हिरवीगार, केळीच्या पानासारखी, तिच्यावर पांढरी अक्षरं, कोपऱ्यात पिवळी फणी, आणि ज्याची बाकी निघते त्याचा आकडा लाल. नानांनी इंक ४, इंक ६, इंक २ असे आकडे टाकून रंग लिहिले होते. स्वतः मात्र त्यांनी ते कधी पाहिले नाहीत. घरात रंगीत टीव्ही आला तोवर स्पेक्ट्रम पेटीत गेला होता. पुस्तकात वाचून, मनात रंगवून त्यांनी प्रत्येक जागेचा रंग ठरवला आणि तो बरोबर बसला. हे मी अण्णांना दाखवलं. ते बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले आणि एवढंच म्हणाले, "हिरवा जरा जास्तच झालाय."

त्या पट्टीवरची अक्षरं देवनागरी आहेत, हे मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. स्पेक्ट्रमला इंग्रजीशिवाय काही येत नव्हतं. फक्त एकवीस चिन्हं तुम्हाला स्वतःची काढता यायची, प्रत्येक आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकटीत. एकवीस चिन्हांत मराठी बसवायची! नानांनी आधी शब्द निवडले: केळी, घड, वजन, भाव, कटती, मजुरी, एकूण, बाकी. मग त्यांत लागणारी अक्षरं आणि मात्रा मोजल्या. पंधरा अक्षरं, पाच मात्रा. वीस झाली. एकविसावी जागा उरली, तिथे त्यांनी फणी काढली. "दर" हा शब्द त्यांना घेता आला नाही, कारण द साठी जागा नव्हती, म्हणून भाव. पहिल्या आवृत्तीत त्यांनी ही चिन्हं बिन आज्ञेने लिहिली आहेत, शून्य-एकच्या ओळींत, त्यामुळे प्रोग्रॅम वाचतानाच अक्षर दिसतं. हा त्यांचा ट:

११११११११
०००१००००
००११११००
०१००००००
०१००००००
०१००००१०
००११११००
००००००००

डोळे थोडे बारीक करून एक-एकच्या वाटेने गेलं की वर शिरोरेघ, खाली वळण. मात्रांची अडचण वेगळी. मात्रा अक्षरावर चढवायची तर एक जागा मागे येऊन तिथेच दुसरं चिन्ह छापायचं; पण स्पेक्ट्रमची ती पद्धत अशी की दोन्ही चिन्हांत जिथे शाई असेल तिथली शाई उडते. मात्रेच्या चिन्हात शिरोरेघ घेतली असती तर अक्षराची शिरोरेघ पुसली गेली असती. म्हणून नानांच्या वेलांटीला, मात्रेला, काण्याला, कशालाच शिरोरेघ नाही. ती अक्षराकडून घेतात. हे कोणी त्यांना शिकवलं नव्हतं. सावद्याच्या माडीवर, चौकटीच्या वहीत, पेन्सिलीने ठिपके भरून त्यांना ते सापडलं होतं. ती वहीही पेटीत होती. घ तीनदा खोडलेला आहे.

तिसऱ्या आवृत्तीत बिनच्या ओळी गेल्या आणि साधे आकडे आले, कारण जागा संपत चालली होती. तिथे मला एक विचित्र गोष्ट दिसली. जिथे शून्य लिहायचं तिथे नानांनी लिहिलं होतं "नॉट पाय". गणिताचा मास्तर शून्याला नॉट पाय का म्हणेल, हे मला दोन दिवस कळेना. मग समजलं. स्पेक्ट्रम प्रोग्रॅममधल्या प्रत्येक आकड्यामागे त्या आकड्याचं पाच बाइटचं रूप आणि त्याच्या खुणेचा एक बाइट गुपचूप जोडून ठेवतो. नुसतं शून्य लिहिलं तरी सात बाइट जातात. नॉट एक बाइट, पाय, म्हणजे वर्तुळाचा तो ३.१४, एक बाइट. शून्य नसलेल्या आकड्याला नॉट लावलं की शून्य येतं; पाय शून्य नाही, म्हणून नॉट पाय म्हणजे शून्य. दोन बाइटांत काम. प्रत्येक शून्यामागे पाच बाइट वाचले. आजी पोळीला लावायचं तूप वाटीच्या कडेवरून बोटाने निपटून घ्यायची, तसं नानांनी त्या ४८ केबीच्या डब्यातून एकेक बाइट निपटून घेतला होता, आणि त्या वाचवलेल्या जागेत आणखी चार शेतकरी बसवले होते.

हे सगळं मला कळू शकलं कारण प्रोग्रॅम बेसिकमध्ये आहे. तेव्हा बेसिकमधला प्रोग्रॅम चालवणं आणि वाचणं यांत फक्त एका शब्दाचं अंतर होतं. ब्रेक दाबा, लिस्ट म्हणा, लिहिणाऱ्याचं सगळं मन समोर. म्हणूनच मला वाटत होतं की नानांचा प्रोग्रॅम आधीपासूनच खुला आहे, मी फक्त तो बाहेर नेऊन ठेवायचा. पण कायदा तसं म्हणत नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ च्या दुरुस्तीने संगणकाचे प्रोग्रॅम साहित्यकृती म्हणून आले. साहित्यकृतीवरचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं राहतो, तेही मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून मोजून. नाना २००९ मध्ये गेले, म्हणजे केळीच्या हिशोबावर २०६९ च्या अखेरीपर्यंत हक्क चालू. तोवर ती फीत टिकणार नाही, मी टिकेन असंही नाही. सातबारावर माणूस गेल्यावर वारसांची नावं चढतात आणि एका हिस्सेदाराने सही अडवली की वावर पडीक राहतं, तशी ही गोष्ट आहे. मला ती गत नको होती. कोणी दावा लावेल म्हणून नाही. एखाद्या विद्यार्थ्याला, एखाद्या ग्रंथालयाला, देवनागरीच्या संगणकातल्या वाटचालीवर काम करणाऱ्या एखाद्या माणसाला हे निर्धास्तपणे घेता यावं, बदलता यावं, छापता यावं, म्हणून. चोरून ठेवलेली वस्तू जपली जात नाही, लपवली जाते.

आणि परवानगी मागितली की मिळते, याचं उदाहरण त्या स्पेक्ट्रमच्याच पोटात आहे. एम्युलेटर चालायला मूळ यंत्राचा १६ केबीचा रॉम, म्हणजे यंत्रात कायमचा बसवलेला प्रोग्रॅम, लागतो. सिंक्लेअरचा संगणकाचा धंदा १९८६ मध्ये ॲमस्ट्रॅडने पन्नास लाख पौंडांना घेतला, त्यामुळे त्या रॉमचा हक्क त्यांच्याकडे गेला. १९९९ मध्ये लोकांनी विचारलं, तेव्हा कंपनीतल्या क्लिफ लॉसन यांनी जाहीर उत्तर दिलं: आमच्या हक्काची नोंद पुसू नका, मग एम्युलेटरसोबत खुशाल वाटा. त्या एका उत्तराच्या जोरावर आज नानांची केळी माझ्या लॅपटॉपवर पिवळी दिसते. मायक्रोसॉफ्टने १९८३ चं जीडब्ल्यू-बेसिक २०२० मध्ये एमआयटी परवान्याखाली खुलं केलं, २०२५ मध्ये त्याहून जुनं, ६५०२ या चिपसाठीचं बेसिकही. मीही नानांसाठी तोच परवाना निवडला. घ्या, बदला, वाटा, विका. फक्त लिहिणाऱ्याचं नाव आणि हा मजकूर सोबत राहू द्या. आत्याला समजावताना मी हेच सांगितलं होतं. तिने त्यातला बरोबर एकच शब्द उचलला होता. "नाव कोनाचं ऱ्हाईन?"

एक गोष्ट मात्र मी खुली करणार नाही. कॅसेटवर प्रोग्रॅमच्या तुकड्यांनंतर माहितीचे तुकडेही आहेत, त्यांत बारा-बारा अक्षरांत कापलेली शेतकऱ्यांची नावं आणि त्यांची १९८८ ची बाकी. कोणाची किती उचल होती, कोणाचा आकडा लाल होता. त्यातले बरेच आता नाहीत. त्यांची नातवंडं माझ्या ओळखीची आहेत, एकाच्या लग्नात मी गेल्या वर्षी जेवलो. ओसरीवरच्या अंधारात ज्याने त्याने आपला आकडा बघावा आणि दुसऱ्याने मान वळवावी, अशी तेव्हाची रीत होती. ती नावं मी काढून टाकली आणि त्या जागी अ, ब, क घातले. आकडे ठेवले, कारण आकड्यांशिवाय प्रोग्रॅम काय करतो हे दिसत नाही.

आता गाण्यांचं. आत्याकडून आल्यावर मी अण्णांना विचारलं. ते थोडे चुळबुळले. मग म्हणाले, "होती. आखाजीची." १९८५ च्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लग्नाच्या आधीच्या वर्षी, आत्याने शिवणाच्या पैशांतून कॅसेट आणली होती आणि अंगणातल्या निंबाला बांधलेल्या झोक्यावर आजी आणि गल्लीतल्या बायका म्हणत असलेली गाणी भरून घेतली होती. दोन्ही बाजू. सासरी जाताना तिने ती नेली नाही, कारण तिकडे टेप नव्हता. नंतर येऊन ऐकली तर आत चरचर. आजी १९९१ मध्ये गेली. तिचा आवाज दुसरीकडे कुठे नाही. नाना आणि आत्या भाऊबीजेला भेटत, ओवाळणं व्हायचं, पण आत्या आमच्या माडीवर पुन्हा चढली नाही, हे मला आत्ता जाणवतं आहे. मला वाटायचं तिचे गुडघे दुखतात.

मी पुन्हा कॅसेट हातात घेतली. लेबलवर खोडलेलं उजेडात धरून पाहिलं. "आखाजी ८५". आणि मग पाठची कड पाहिली. कॅसेट कोणी चुकून पुसू नये म्हणून मागे दोन छोट्या खुंट्या असतात, त्या तोडल्या की टेप त्यावर भरू देत नाही. दोन्ही खुंट्या तोडलेल्या होत्या. आणि दोन्ही भोकांवर पिवळी पडलेली, वाळलेली चिकटपट्टी लावलेली होती.

म्हणजे नानांना माहीत होतं.

मी त्यांची बाजू शोधली, नाही म्हणणार नाही. पहिल्या आवृत्तीच्या रेम ओळीत, म्हणजे नुसत्या टिपणाच्या ओळीत, तारीख आहे, १४ जून १९८७. मृगाचे दिवस. वारा सुटला की वीज जायची, आणि वीज गेली की त्या डब्यातलं सगळं गेलं; दिवसभर टाइप केलेलं, ट आणि घ आणि वेलांटी, सगळं. सावद्यात तेव्हा रविवारी संध्याकाळी कोरी कॅसेट कुठे मिळणार? १४ जूनला रविवार होता, मी पंचांगात पाहिलं. दिवा फडफडतो आहे, हाताशी एकच कॅसेट आहे, असं चित्र मी मनात कितीदा काढलं. पण चिकटपट्टी कापून, दोन भोकांवर नीट बसवून, नखाने दाबायला दिवा फडफडत असताना कोणाला सवड असते? आणि दुसरी बाजू? ती त्यांनी पुढच्या वर्षी भरली, सावकाश. ज्या माणसाने एकेका बाइटची काटकसर केली त्याने आईचा तासभर आवाज असा खर्च केला. या दोन गोष्टी माझ्या मनात अजून शेजारी शेजारी बसत नाहीत.

शाळेची सहल धुळ्याला राजवाडे मंडळात गेली होती, ते आठवलं. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या शेवटच्या दिवशी धुळ्यात गेले आणि लगेच १९२७ मध्ये त्यांच्या नावाने ते मंडळ उभं राहिलं. गावोगाव फिरून, वाड्यांच्या माळ्यांवरून, बासनांतून त्यांनी कागद गोळा केले. आम्हाला दाखवणारे गृहस्थ एका मोडी कागदाच्या समासात आडवं लिहिलेलं कोणा भलत्याचंच टिपण दाखवत म्हणाले होते, कागदाची दोन्ही अंगं बघायची आणि समासही. कागदावर एकावर एक लिहिलं तरी खालचं कुठेतरी उरतं. टेपचं तसं नसतं. रेकॉर्डचं बटण दाबलं की भरणाऱ्या हेडच्या आधी पुसणारं हेड फितीवरून जातं, ते मागचं काही ठेवत नाही.

पण जिथे बटण दाबलेलंच नाही तिथलं?

नाना एक तुकडा भरून झाला की टेप थांबवत, काउंटरवर पुढचा सोयीचा आकडा येईपर्यंत फीत पुढे नेत आणि मग पुन्हा भरत. मधली फीत कोणी पुसलेली नव्हती. मी आवाजाची फाइल पुन्हा उघडली. आधी मी ती मधली जागा पाहिलीच नव्हती, कारण प्रोग्रॅम काढून घेणाऱ्या साधनाला ती दिसत नाही. ते फक्त तुकडे उचलतं आणि टॅप नावाच्या फाइलमध्ये ठेवतं. सहा आवृत्त्यांची मिळून ती फाइल एक एमबीसुद्धा नाही आणि तीत नानांचं सगळं आहे, एक बाइट कमी नाही. मूळ आवाज एका बाजूचा १५९ एमबी, दोन्ही बाजूंचा ३१८. तो मी जागा मोकळी करायला पुसणार होतो. तारखेसह सांगू शकतो, दिवाळीनंतरच्या रविवारी पुसणार होतो, आणि जेवायला हाक आली म्हणून राहिलं.

खरखरीच्या सहा भिंतींमध्ये सहा फटी निघाल्या. सगळ्या मिळून एक्केचाळीस सेकंद.

आखाजीच्या आदल्या दिवशी पुन्हा फैजपूरला गेलो. लॅपटॉप आणि कॅसेट दोन्ही घेऊन. आत्या मांड्यांचं पुरण वाटून झाल्यावर हात धुऊन बसली. हेडफोन तिला नको होता, म्हणून स्पीकरवरच लावलं. पहिल्या फटीत झोक्याच्या दोराची करकर आणि कोणाचं तरी हसणं. दुसऱ्या फटीत गाणं, ओळीच्या मधूनच सुरू झालेलं, "...फांदीले..." असं काहीतरी, आणि पुढच्या शब्दाला नानांची खरखर येऊन आदळते. मी आत्याच्या चेहऱ्याकडे बघत होतो. तिने हात वर केला. "थांब. पुन्हा लाव." पुन्हा लावलं. "हा तं माझा आवाज," ती म्हणाली. "माय नही. मी आहे ही."

मला काय बोलावं कळेना. एवढी वर्षं ज्या आवाजासाठी अढी धरली, तो उरलाच नव्हता, असं मला वाटलं. उरलेल्या फटी लावू की नको, मी विचारलं. ती म्हणाली लाव. तिसरीत ढोलकीसारखं काहीतरी, चौथीत लांबून जाणारी बैलगाडी. पाचवीत पुन्हा तोच तरुण आवाज, चढा, निर्धास्त, एकवीस-बावीस वर्षांच्या मुलीचा. आत्याने डोळे मिटले होते. "मांगून ऐक," ती म्हणाली. "मी सोडते तो शब्द मांगून जी झेलू राह्यली ना, ती माय."

मी कान लावला. मला फितीचा सूं सूं आवाज ऐकू आला आणि त्यात, असेलही, एक जाडसर, मागे राहिलेला हुंकार. मी आवाज वाढवला, खालचे सूर वर काढले, पुन्हा ऐकलं. आत्याला त्याची गरज नव्हती. मी तिसऱ्यांदा लावला तेव्हा तिचे ओठ हलत होते, आणि फीत जिथे तुटते त्याच्या पुढचे दोन शब्द ती मनात म्हणून गेली. मोठ्याने नाही.

मग तिने कॅसेट मागितली. उलटी केली, पाठच्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवलं, पहिल्या भोकावरून, मग दुसऱ्या. ती पट्टी तिने उचकटली नाही. "ह्या मीच तोडेल होत्या," ती म्हणाली. "कातरीनं." मी काही बोललो नाही. इतके दिवस ही गोष्ट मी तिच्यापासून लपवत होतो, आणि तिला ती १९८७ पासून माहीत होती.

"आन तो कागद."

मी दिला. तिने चष्मा लावला, या वेळी पूर्ण वाचला, बोट ओळीखालून सरकवत. एमआयटीचा तो मजकूर मी मराठीत उतरवून खाली जोडला होता. बोट जिथे लेखकाचं नाव होतं तिथे थांबलं. "इथं त्याचं नाव. बरोबर आहे, त्यानंच लिहेलं." बोट तिथेच होतं. "याच्या खाली जागा आहे. लिही, कॅसेट माझी होती."

मी लिहिलं. तिने ते वाचून पाहिलं, मग सही केली. माहेरच्या नावाने. आणि मला म्हणाली, पुरण झालंय, खापर तापायला वेळ आहे, तवर ते पाचवं पुन्हा लाव.